नावांची झाडाझडती: गार्सिया द ओर्ताच्या चरित्राची प्रस्तावना

मराठीत आज ‘मोडशी’ म्हटले की पोट बिघडणे, अपचन, फार तर चार-दोन जुलाब, एवढेच मनात येते. ओव्याची चिमूट तोंडात टाकून माणूस कामाला लागतो. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गोव्यात हा शब्द इतका सोज्वळ नव्हता. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात या मोडशीचा रोगी अगदी जवळून दाखवला आहे. नाडी बोटांना लागत नाही, अंग गार पडलेले, डोळे खोल गेलेले, पायांत गोळे, न भागणारी तहान. आणि बहुधा एका दिवसात खेळ आटोपतो. आपण ज्याला पटकी म्हणतो तोच हा रोग, आणि हिंदुस्थानातल्या पटकीचे एका युरोपीय वैद्याने केलेले पहिले छापील रोगवर्णन ते हेच. पण लेखक नुसते वर्णन करून थांबत नाही. आमच्या ग्रंथांत याला ‘कोलेरिका पासिओ’ म्हणतात, अरबांमध्ये याचे नाव वेगळे (आपल्याकडे रुळलेला ‘हैजा’ तो त्यातलाच), इथले लोक मोडशी म्हणतात आणि आमच्या पोर्तुगिजांच्या जिभेवर तिची ‘मोर्देशी’ झाली आहे, असा तो चारही नावांचा झाडा देतो. पुढे हा बिघडलेला शब्द फ्रेंचांच्या हाती लागला. त्यांना त्यात आपल्या भाषेतले ‘मॉर द शिएँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, ऐकू आले आणि त्यांनी तसेच लिहायला सुरुवात केली. मराठी-कोंकणीतल्या ‘मोडणे’ या साध्या धातूचा असा कुत्रा झाला.

ते पुस्तक लिहिणारा गार्सिया द ओर्ता हा या चरित्राचा नायक. उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींचा आद्य अभ्यासक म्हणून त्याचे नाव वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात पहिल्या पानांवर येते, पणजीत चर्चजवळच्या बागेला त्याचे नाव आहे, आणि तरीही त्याने नेमके काय केले हे विचारले तर उत्तर देताना माणूस अडखळतो. त्याने एकाही रोपाचे चित्र काढले नाही. वाळवलेल्या फांद्या कागदावर चिकटवून त्यांचा संग्रह केला नाही. वनस्पतींची कुळे पाडली नाहीत. पुढच्या काळातल्या संशोधकांसारखा तो जंगलेही तुडवत फिरला नाही. त्याने केले ते एवढेच, की बाजारात, दरबारात आणि परसात जे जे नाव कानावर पडले ते पकडून, हे नेमके कशाचे, असे विचारत राहिला, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिला. पुढील पानांमागचे माझे म्हणणे असे, की नावांची ही झाडाझडती म्हणजे वनस्पतिशास्त्राची पूर्वतयारी नव्हे. त्या काळात, त्या ठिकाणी, तेच वनस्पतिशास्त्र होते. वस्तू कोणती याचाच पत्ता नसेल तर तिचे पान कसे, फूल कसे आणि कूळ कोणते हे प्रश्न पुढे सरकत नाहीत. ओर्ताच्या पुस्तकातली प्रकरणे साधारणपणे अकारविल्हे लावलेली आहेत, कोशासारखी. म्हणून तर पटकी भेटते ती कोष्ट या औषधी मुळीच्या प्रकरणात: ‘कोस्तो’ आणि ‘कोलेरिका’ शेजारीशेजारी आले, इतकेच. ही मांडणी ढिसाळ वाटते खरी. पण ज्याच्या मते सगळा घोटाळा नावांत आहे, तो आपला ग्रंथ नावांच्या क्रमाने लावणार नाही तर कशाच्या?

हा घोटाळा किती जुना होता हे समजल्याशिवाय ओर्ताची कामगिरी कळायची नाही. मिरी, दालचिनी, लवंग, जायफळ, कोष्ट, हिंग, कापूर हा माल युरोपात शतकानुशतके जात होता, पण जात होता तो साल, बी, मुळी किंवा डिंक होऊन. झाड कुणी पाहिलेले नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने जे ऐकीव लिहिले त्यावर पंधराशे वर्षे टीका, टीकेवर टिप्पणी, असे चालले होते. दालचिनीच्या काड्यांची घरटी बांधणारे पक्षी, सापांच्या राखणीत वाढणारी मिऱ्याची झाडे, असल्या कथा गंभीर ग्रंथांत ठाण मांडून होत्या. मधल्या अरब ग्रंथकारांना माल जास्त जवळून ठाऊक होता, पण त्यांची नावे लॅटिनमध्ये उतरताना इतकी मोडली की एका द्रव्याची तीन आणि तीन द्रव्यांचे एक, असा गोंधळ उडाला. ओर्ताच्या तरुणपणी युरोपातले विद्वान हा गुंता जुन्या पोथ्या ताडून सोडवू पाहत होते. ओर्ताने तो गोदीवर सोडवायला घेतला. दालचिनीचेच घ्या. हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातल्या ‘चिनी’कडे आपले लक्ष जात नाही. ओर्ताचे गेले. इराणी आणि अरब लोक जिला ‘दारचिनी’ म्हणतात तिचा अर्थ चीनचे लाकूड, आणि असे नाव पडले कारण एके काळी चिनी जहाजे हा माल पश्चिमेकडे आणत, असा त्याने उलगडा केला. उत्तम साल येते ती सिंहलद्वीपातून, हे तर गोव्यात बसलेल्या कुणाही व्यापाऱ्याला ठाऊक होते. म्हणजे नाव मालाची वाट सांगते, मालाचे मूळ नव्हे. आज हे कुणालाही सुचेल, पण पोथीतल्या शब्दावर झाडाचे घर ठरवणाऱ्या त्या विद्येला यामुळे मुळापासून हादरा बसत होता. नाव हा पुरावा नाही, नाव हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते, हे तो आपल्या वागण्यातून दाखवत होता.

असे करायला माणूस कसा घडावा लागतो, हा चरित्राचा विषय. ओर्ताचा जन्म पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हीद या सरहद्दीवरच्या गावी, १५०० च्या आसपास झाला. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ च्या हद्दपारीत ते पोर्तुगालात आले आणि १४९७ मध्ये तिथेही सक्तीचा बाप्तिस्मा वाट्याला येऊन ‘नवे ख्रिस्ती’ झाले. मुलगा सालामांका आणि आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत शिकला, वैद्य झाला, लिस्बनच्या विद्यापीठात काही वर्षे शिकवत राहिला. मग १५३४ च्या मार्चमध्ये मार्तीं आफोंसो द सोझा या सरदाराचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. पहिली चार वर्षे तो आपल्या धन्याच्या मोहिमांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर फिरला. वसई, दीव, घारापुरीची लेणी त्याने या काळात पाहिली. पुढे गोव्यात घर केले ते मरेपर्यंत. पोर्तुगालला तो परत गेला नाही. गोव्यातल्या या तीस वर्षांत दोन ठिकाणे त्याला फार उपयोगी पडली, आणि योगायोगाने दोन्ही आजच्या महाराष्ट्रात आहेत. एक अहमदनगर. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात तो वैद्य म्हणून जात असे आणि तिथे त्याची गाठ अरबी-फारसी परंपरेतल्या हकिमांशी पडे. निजामशहा त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे सांगे, तो निजामशहाला लॅटिन नावे शिकवी. दोन प्रौढ माणसे, त्यांतला एक राजा, समोरासमोर बसून शब्दांची अशी अदलाबदल करताहेत, हे चित्र ओर्ताच्या साऱ्या विद्येचे सार आहे असे मला वाटते. दुसरे ठिकाण मुंबई. १५५४ च्या सुमारास हे बेट त्याला खंडाने मिळाले. तिथल्या आपल्या आमराईतल्या एका झाडाला वर्षातून दोनदा बहर येतो हे त्याने जमीनमालकाच्या कौतुकाने नोंदवले आहे. मुंबईच्या जमिनीचे पुढे जे झाले ते पाहता, त्या बेटाचा भाडेकरू तिथल्या आंब्याबद्दल लिहून गेला, हे वाचून बरे वाटते.

त्याची पद्धत कामाला लागलेली पाहायची तर मिऱ्याचे प्रकरण उघडावे. जुन्या ग्रंथांत ठाम लिहिलेले होते, की पिंपळी म्हणजे मिऱ्याच्याच झाडाची कोवळी शेंग. ती पिकून फुटली की आतून मिरे निघतात. दोन्ही तिखट, दोन्ही एकाच देशाहून येणारी, तेव्हा युरोपात बसून ही कल्पना पटण्यासारखीच होती. ओर्ता सांगतो, की मिऱ्याचा वेल मलबारात दुसऱ्या झाडावर चढतो, पिंपळी येते ती बंगालकडून, आणि दोन्ही वनस्पतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पुस्तक संवादरूप आहे, आणि त्यातला ओर्ताचा पाहुणा इथे गडबडतो. इतके थोर लोक चुकले कसे? ओर्ताचे उत्तर साधे आहे: त्यांनी पाहिले नव्हते. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनच्या आणि ग्रीकांच्या विरुद्ध बोलायला मीही धजलो नसतो, अशी कबुलीही तो एके ठिकाणी देतो. इथवर सगळे छान आहे. पण याच प्रकरणात तो चुकतोही. पांढरे मिरे आणि काळे मिरे यांचे वेल निराळे, जशी पांढरी आणि काळी द्राक्षे, असे त्याने लिहून ठेवले. आपल्याला ठाऊक आहे की वेल एकच. पिकलेल्या दाण्याची साल काढली की पांढरे, हिरवा दाणा सालीसकट वाळवला की काळे. दालचिनीतही त्याने उलट्या बाजूने असाच घोटाळा केला. युरोपात ‘कॅसिया’ म्हणून जाणारी साल आणि अस्सल दालचिनी एकच, फरक काय तो जमिनीचा, हे त्याचे मत. आज आपण त्या दोन वेगळ्या जाती मानतो. नावे दोन म्हणून वस्तू दोन, ही जुन्यांची चूक खोडण्याच्या भरात नावे दोन असूनही वस्तू एकच, या बाजूला तो झुकला. या चुका मी लपवत नाही, उलट पुढे त्यांना स्वतंत्र जागा दिली आहे. कारण चुकतानाही तो असे काही लिहितो की जे मलबारच्या मळ्यात जाऊन कुणालाही पडताळता येईल. पक्ष्यांच्या घरट्यातली दालचिनी कुठे जाऊन पडताळणार?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हा माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हेच. तो वैद्य होता, औषधांचा आणि जवाहिराचा व्यापार करत होता, जहाजांत भागीदारी ठेवत होता. झाडांविषयी त्याला कुतूहल होते ते त्यांच्यातून निघणाऱ्या मालापुरते. शिवाय लवंग-जायफळांची झाडे त्याने कधी पाहिली नाहीत, मलाक्क्याहून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकली. आणि वनस्पतींवर लिहिणारा तो पहिला पोर्तुगीजही नव्हे. तोमे पिरेश नावाच्या औषधविक्याने १५१६ मध्येच कोचीनहून राजाला इथल्या औषधी द्रव्यांबद्दल सविस्तर पत्र लिहिले होते. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण सोळाव्या शतकात वैद्य नसलेला वनस्पतिशास्त्रज्ञ शोधून तर दाखवा! युरोपभर वनस्पतींची विद्या वैद्यकाच्या घरातच वाढत होती. व्यापाराचे म्हणाल, तर माल ओळखण्यात चुकला की व्यापाऱ्याला पदरचे पैसे मोजावे लागतात. भाष्यकाराला कसली तोशीस लागत नाही. ऐकीव माहितीचे म्हणाल, तर ती देताना तो मी पाहिले, अमुक माणसाने सांगितले आणि लोक म्हणतात, असे तीन दर्जे ठेवतो. हा भेद त्याच्या आधीच्यांनी क्वचितच पाळला, नंतरच्यांनीही नेहमी पाळला असे नाही. पिरेशचे पत्र राजासाठी होते आणि राजापाशीच राहिले. ओर्ताने छापले. माल नसून फक्त झाड म्हणून झाडाकडे पाहणेही त्याला येत होते. बोर आणि भिरंड या दोन फळांचे त्याचे प्रकरण पाहा. भिरंड म्हणजे गोव्याकडचे रातांबे, आपल्या कोकमांचे फळ. पोर्तुगिजांनी त्याचे ‘ब्रिंदाँव’ केले. आतून लालभडक आणि अतिशय आंबट असे हे फळ, आणि व्हिनेगर करायला त्याची साले पोर्तुगालला नेतात, इतके तो सांगतो. मसाल्याच्या व्यापारात याला काडीचीही किंमत नव्हती. तरी त्याचे नाव त्याने टिपले. इथे एक गंमत सांगून ठेवतो. कोकमाचे शास्त्रीय नाव ‘गार्सिनिया इंडिका’. ते वाचून अनेकांना वाटते की हा आपल्या गार्सियाचाच गौरव. तो नव्हे. लिनियसने ते कुळनाव दिले लोराँ गार्सँ या अठराव्या शतकातल्या निसर्गाभ्यासकाच्या सन्मानार्थ. नावावरून वस्तूचे मूळ ठरवू नये, हा ओर्ताचा धडा ओर्ताच्याच नावाने पुन्हा एकदा शिकवला जावा, यापरते काय!

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि त्याचे पुरते खंडन होत नाही. ओर्ताने विचारले खरे, पण उत्तरे कुणी दिली? संवादांत आंतोनिया नावाची एक गुलाम मुलगी आहे. चर्चा झाडावर आली की तो तिला बागेतून फांदी, फळ, पान आणायला सांगतो. ती आणते, आणि आणते ते बरोबर असते. म्हणजे त्या घरात झाड नजरेने ओळखणारी व्यक्ती कोण, हे उघड आहे. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य येतो आणि एका रेचक मुळीविषयी यजमानाच्या तोडीस तोड बोलतो. बाकी माणसे ‘इथले लोक’, ‘गुजरातचे बनिये’, ‘दख्खनी’, ‘कानारी’ अशा घोळक्यांत विरून जातात. पटकीवर इथले वैद्य जिरे-मिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात आणि पायांना तापलेल्या सळईचे डाग देतात, हे तो नीट सांगतो, जुलाबांवरचे त्यांचे उपचार मानतो, पण त्यांच्या विद्येला शास्त्र म्हणायला तयार होत नाही. त्याच्या लेखी ती नुसती वहिवाट. शतकभराने, १६७८ पासून, डच अधिकारी व्हान ऱ्हीडचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ बारा खंडांत निघाला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचे साक्षपत्र नागरी लिपीत छापले आहे, इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचेही आहे. ओर्ताच्या पुस्तकात असे एकही पान नाही. ही तफावत मान्य करायलाच हवी. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, आंतोनिया आणि मालुपा आपल्याला ठाऊक आहेत ते ओर्तामुळेच. त्या काळी युरोपातल्या कुठल्या वैद्याने आपल्या घरच्या मोलकरणीला ग्रंथात बोलायला लावले? दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. माणसांची नावे त्याने गाळली, पण शब्द गाळले नाहीत. सुपारीला दख्खनात आणि गुजरातेत सुपारीच म्हणतात, मलबारात निराळे नाव, अरबांत ‘फोफल’. विड्याच्या पानाला दख्खन, गुजरात आणि गोव्यात ‘पान’, मलबारात ‘वेत्तिल’, अशी त्याची यादी पानोपान चालते. ही नावे कुणा एकाच्या तोंडून आली नसणार. परसात, घाटावर, पेठेत ज्यांना त्याने विचारले त्यांचा आवाज या शब्दांत उरला आहे. हे श्रेय देणे नव्हे, हे मी जाणतो. पण ज्याला ती माणसे शोधायची असतील त्याला वाट याच शब्दांतून काढावी लागेल.

आता पुस्तकाच्या रूपाविषयी. ‘कोलोकियुश’, म्हणजे संभाषणे, हे त्याचे नाव. बोलणारे मुख्यतः दोघे. एक खुद्द ओर्ता. दुसरा रुआनो, सालामांका-आल्कालाचा जुना सहाध्यायी, नुकताच जहाजातून उतरलेला, डोक्यात सगळी पुस्तके घट्ट बसवलेली असा कल्पित विद्वान. मध्येच रोग्याचे बोलावणे येते, जेवण वाढले जाते, कुणा बाईला नोकराणीने धोतरा चारून किल्ल्या लांबवल्याची बातमी घेऊन कुणीतरी धावत येते आणि धोतऱ्याचे प्रकरण सुरू होते. भांगेच्या प्रकरणात गुजरातचा सुलतान बहादूरशहा सांगून जातो, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तानची सैर करावीशी वाटली तर मी जरा भांग घेतो. युरोपच्या वाचकाला हे सगळे फापटपसारा वाटले. फ्लेमिश वनस्पतिज्ञ कार्ल क्लुसियसला १५६४ मध्ये लिस्बनला हे पुस्तक मिळाले. छपाईच्या चुकांनी ते इतके भरलेले होते की मागे लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले होते. क्लुसियसने ते लॅटिनमध्ये संक्षेपाने आणले, १५६७ मध्ये अँटवर्पला छापले, चित्रे घातली आणि संवाद काढून टाकला. पुढची कित्येक दशके युरोपने ओर्ता वाचला तो असा: नीटनेटका, निर्विकार, एकट्याने बोलणारा. रुआनो गेला, आंतोनिया गेली, विचारणे गेले, उत्तरे तेवढी राहिली. क्लुसियसचे उपकार मोठे आहेत, तो नसता तर गोव्यात छापलेल्या थोड्या प्रतींबरोबर ओर्ताही बुडाला असता. पण ओर्ताचे वनस्पतिशास्त्र म्हणजे ‘हे नाव कशाचे?’ हा प्रश्न, असे एकदा मान्य केले तर संवाद हा त्याचा सांगाडा ठरतो, आणि क्लुसियसने माळ करताना दोरा काढून घेतला, असेच म्हणावे लागते.

संवादाला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी बोलताना जपून बोलले पाहिजे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, आले. ओर्ता १५६८ मध्ये अंथरुणावर मेला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ ला, त्याची बहीण कातारिना ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळली गेली. १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळली. याचे दस्तऐवज आउगुश्तो दा सिल्व्हा काव्हाल्यो या पोर्तुगीज संशोधकाने १९३४ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, काउंट द फिकाल्योने ओर्ताचे चरित्र लिहिले आणि ‘कोलोकियुश’ची जाणकार आवृत्ती काढली, तेव्हा त्याला यातले काही ठाऊक नव्हते. दस्तऐवज बाहेर आल्यापासून ओर्ताकडे पाहण्याची एक नवी रीत पडली आहे: तो मुखवट्यात जगला, म्हणून प्रत्येक वाक्याच्या मागे दुसरे वाक्य शोधायचे. थोरांच्या शब्दाला तो मानत नाही कारण चर्चच्या शब्दालाही मनातून मानत नव्हता. स्वतः बोलण्याऐवजी दोन पात्रांना बोलायला लावतो कारण दोघांच्या मागे लपता येते. हे मोहक आहे, आणि काही अंशी खरेही असेल. जन्मभर दोन नावांनी जगणाऱ्या घराण्यातला माणूस नावे आणि वस्तू यांच्यातल्या अंतराबद्दल इतका जागा असावा, हे मला अर्थशून्य वाटत नाही. पण सगळे स्पष्टीकरण त्यावर टाकू नये. जुन्या ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेले खरे, हे त्या काळचे पुष्कळ पोर्तुगीज म्हणत होते, त्यांत खलाशी होते, सरदार होते, निखळ कॅथॉलिक होते. आणि संवाद हा तर त्या शतकातल्या विद्वानांचा लाडका लेखनप्रकार. ओर्ताने गॅलेनला टोकले ते मिऱ्याचा वेल तसा होता म्हणून. त्यासाठी गुप्त धर्म असावा लागत नाही, कोचीनपर्यंत जावे लागते. या चरित्रात इन्क्विझिशनची हकीकत तिच्या जागी, शेवटच्या प्रकरणांत, पुराव्यासह येते. मिरी आणि दालचिनीच्या प्रकरणांवर तिची सावली पडू दिलेली नाही. काहींना हे भित्रेपणाचे वाटेल. मला ते पुराव्याशी इमान राखणे वाटते.

लेखनाविषयी दोन शब्द सांगून वाचकाला मोकळे करतो. ओर्ताने लॅटिन सोडून पोर्तुगीजमध्ये लिहिले, आणि इथले शब्द त्याने कानाला लागले तसे रोमी लिपीत उतरवले. ते देवनागरीत परत आणताना मोह होतो तो दुरुस्त करण्याचा. भिरंड, मोडशी, पनस, पान हे तर आपलेच. त्यांना त्यांचा पोशाख परत का देऊ नये? पण तसे केले तर त्याला ऐकू काय आले हे नाहीसे होते. म्हणून मूळ उतारे आले आहेत तिथे त्याचे बिघडलेले शब्दच ठेवले आहेत आणि आपले रूप शेजारी दिले आहे. पारिजातकाच्या झाडाला पोर्तुगीज ‘दुःखी झाड’ म्हणत, कारण त्याची फुले रात्री उमलतात आणि उजाडता गळून पडतात. केशरी देठांचा रंग जेवणात केशरासारखा वापरतात हे सांगून ओर्ता इथल्या लोकांकडून ऐकलेली गोष्ट देतो. एका सरदाराच्या मुलीचे सूर्यावर प्रेम बसले, त्याने तिला टाकले, तिने जीव दिला, आणि तिच्या राखेतून उगवलेले झाड म्हणून सूर्याचे तोंड पाहत नाही. त्या सरदाराचे नाव तो ‘परिझाताको’ असे लिहितो, आणि गोव्यात झाडालाही तेच म्हणतात असे सांगतो. या पुस्तकात ते तसेच आहे, त्यातल्या ‘झ’सकट.